ओंडक्याचा खेळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डेपोत दर वर्षी आम्हाला एक डायरी देतात. गेल्या सहा वर्षांत मी त्यांतल्या एकीतही चार ओळींच्या वर लिहिलेलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा लिहून हात भरून येतो, घरी येऊन स्वतःच्या कोण लिहील? मी बसडेपोत टाइमकीपर आहे. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परतली, उशीर झाला तर किती मिनिटं आणि का, हे सगळं मी नोंदवते. एका मिनिटाचीही सूट देत नाही, म्हणून ड्रायव्हर मंडळी माझ्या पाठीमागे मला ‘सेकंदकाटा’ म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

आज लिहायला बसले, कारण एक वेळ मी खोटी सांगितली आहे.

आजोबांना हॉस्पिटलमध्ये आणलं त्याला आज पाच दिवस झाले. गेल्या गुरुवारी सकाळी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओघळलं. वय ब्याऐंशी, पण बुधवारपर्यंत गॅलरीत रोज शंभर उठाबशा काढत होते. नव्वदच्या पुढे मोठ्याने मोजायचे, म्हणजे शेजारच्यांनाही कळावं.

डॉक्टरीणबाई आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुम्ही तासाभरात आणलंत, फार चांगलं केलंत. लोक मालीश करत बसतात.” पप्पांचा बोटीवरून फोन आला. तेही म्हणाले, “तू घरात होतीस म्हणून गं.” मी नुसतं “हं” म्हटलं. आत्या शेजारीच उभी होती. ती खिडकीतून खाली गाड्या बघत राहिली.

तासाभरात आणलं नाही. पण आज एवढंच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिहूनच टाकते.

आजोबा शाळेत खेळाचे मास्तर होते. छत्तीस वर्षं. तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीत पळायचे आणि ती सवय घरातही सुटली नाही. वाटेत स्टूल आलं तर वळसा घालून जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी चार वर्षांची असताना आई गेली. पप्पा वर्षातले नऊ महिने समुद्रावर. मला वाढवलं ते आजोबांनी आणि आत्याने, आणि त्या घरात वाढणं म्हणजे चोवीस तास मैदानावर असल्यासारखं होतं.

त्यांचा सगळ्यात लाडका खेळ ओंडका. आजोबा अचानक कुठेही आडवे व्हायचे. जिन्यात, स्वयंपाकघराच्या दारात, एकदा तर पाहुणे यायच्या वेळी बैठकीच्या मधोमध. ते ओंडका झाले की नियम असा की कोणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. ओंडका पडलाय असं समजायचं, ओलांडून जायचं आणि आपापली कामं करायची. जो आधी हाक मारेल किंवा शिवेल तो हरला. आजोबा अर्धा अर्धा तास हलायचे नाहीत. श्वाससुद्धा असा घ्यायचे की छाती वरखाली दिसायची नाही. मीटर बघायला आलेला माणूस एकदा किंचाळत जिना उतरला होता. मी लहानपणापासून दर वेळी हरले. पाच मिनिटं झाली की मी त्यांच्या अंगावर झेप घ्यायचे. आत्या कधीच हरायची नाही. तिचा धीर आजोबांवरच गेलाय.

गुरुवारी सात वाजता मी टॉवेल घ्यायला गॅलरीत गेले. आजोबा सतरंजीच्या बाजूला पडले होते, एका कुशीवर, तोंड भिंतीकडे. दोन वर्षांत त्यांनी ओंडका केला नव्हता. मला इतका आनंद झाला. मनाशी ठरवलं, आज हरायचं नाही. ओलांडून गेले. चहा केला. युनिफॉर्मला इस्त्री केली. टॉवेल वाळत घालायला पुन्हा गेले आणि पुन्हा ओलांडलं, वर एक गाणंही गुणगुणले, त्यांना चिडवायला. सात चाळीसला चपला घातल्या आणि जिंकल्याच्या तोऱ्यात म्हटलं, “आजोबा, मी निघाले. तुम्ही हरलात.”

मग पुढे जाऊन तोंड पाहिलं. एक डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, असे पडलेले कधी पाहिलेत? मी म्हटलं, सात चाळीसला. आठ दहाला आम्ही पोचलो होतो. म्हणजे कागदावर अर्धाच तास. डेपोत कोणी असं सांगितलं असतं, तर मी लाल पेनने खोडून खरी वेळ लिहिली असती.

रविवार, १६ फेब्रुवारी

व्यायाम करून घ्यायला फिजिओ येऊ लागले आहेत. पन्नाशीचे, जाडजूड, बूट करकरणारे. आजोबांचा मेलेला हात ते असा उचलतात की जणू दुसऱ्या कोणाची ठेव आहे. म्हणाले, “ह्यांच्याशी जुनं बोला. आवडीचं बोला. ऐकू येतंय. कळतंय किती, ते मला नाही सांगता येणार.”

म्हणून मी आज पेपरमिंटची गोष्ट सांगितली. मी पाच-सहा वर्षांची असताना शाळेतून आले की आजोबा स्वयंपाकघरात हातांवर उभे राहायचे, पाय सरळ वर. खिशांतून पेपरमिंटच्या गोळ्या फरशीवर टपटप पडायच्या. मग उलट्याच अवस्थेत म्हणायचे, “हे कुठून आलं बुवा? घर गळतंय वाटतं.” मी गोळ्या वेचायचे आणि मला खरंच वाटायचं की आमच्या घराचं छप्पर गळतं. दुसरीत असताना हे बाईंना सांगितलं, तेव्हा बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

आजोबा छताकडे बघत होते. गोष्ट संपल्यावरही छताकडेच बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या हातात पेपरमिंट ठेवली. ती सुटून खाटेखाली गेली आणि मी वाकून शोधत बसले, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

आत्या माझ्याशी तुटक वागतेय. “जेवलीस का”, “किल्ली घेतलीस का”, एवढंच. आज नर्सने केसपेपर भरताना सहज विचारलं, “नेमकं किती वाजता झालं होतं?” मी तोंड उघडायच्या आत आत्या एकदम कडाडली, “वेळेचं काय घेऊन बसलात? आता काय फरक पडतो?” नर्सने पुढचा रकाना भरायला घेतला. आत्या कधी कोणावर आवाज चढवत नाही.

तिला कळलंय. टॉवेल दोरीवर होता, चहाचं पातेलं धुतलेलं होतं, इस्त्री गरम होती. ती तलावावरून परत आली तेव्हा हे सगळं तिने पाहिलंच असणार. हे सगळं करायला किती वेळ लागतो ते तिला सांगायला लागत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजोबा घरी आले. चार जणांनी खुर्चीसकट जिन्यातून वर आणलं. हाच जिना हा माणूस दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचा आणि वरून ओरडायचा, “या म्हातारे मंडळी.” आज वरच्या मजल्यापर्यंत डोळे मिटून घेतले होते.

खाट पुढच्या खोलीत लावली. मी म्हटलं, गॅलरीजवळ लावूया, सवयीची जागा आहे, उजेड आहे. आत्या म्हणाली, “तिथे नको.” का, ते सांगितलं नाही. संध्याकाळी बघते तर ती गॅलरीची फरशी घासत होती. काल घासली होती. परवाही घासली होती. साबण, मग फिनेल, मग साधं पाणी. मी म्हटलं, “दे, मी करते.” तर म्हणाली, “तू नकोस.”

‘तू नकोस’ मधला ‘तू’ मला बरोबर लागला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज कामावर रुजू झाले. आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे ‘शॉर्टकट’ म्हणतात. सांगतो तो नेहमी लांबच्या रस्त्याने आल्याचं, आणि येतो उशिराच. आज अकरा मिनिटं उशीर. मी रजिस्टर उघडलं, पेन टेकवलं, आणि वेळेवर आल्याची खूण केली. दुसऱ्या फेरीला नऊ मिनिटं. पुन्हा तीच खूण. दुपारी तो खिडकीशी येऊन घुटमळला.

“मॅडम, माझ्यावर राग आहे का?”

“नाही. का?”

“लेट लावला नाही तुम्ही. सहा वर्षांत असं झालं नाही. काही चौकशी लागलीय का माझ्यावर?”

त्याला पटेना. शेवटी त्याच्या समाधानासाठी नऊ मिनिटं लिहिली, तेव्हा कुठे तो हसत गेला. मला मात्र दिवसभर रजिस्टरकडे बघवेना. दुसऱ्यांची मिनिटं मोजायचा मला काय अधिकार उरलाय?

रविवार, २ मार्च

आज उभं करायचा प्रयत्न. फिजिओंनी दाखवल्याप्रमाणे मी पुढून कमरेचा पट्टा धरला, आत्याने मागून. एक, दोन, तीन. आजोबा उठले, डावा पाय थरथरला, उजवा नुसता लोंबला, आणि तिघंही खाटेवर कोसळलो. कोणाला लागलं नाही. पण त्यांचा पायजमा ओला झाला, आणि त्यांनी डाव्या हाताने चादर ओढून घ्यायचा प्रयत्न केला. चादर पायाखाली अडकली होती. ते ओढत राहिले. मी सोडवून देऊ की बघितलंच नाही असं दाखवू, हे मला कळेना, आणि मी नुसती पट्टा धरून उभी राहिले. मला आयुष्यात इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

कपडे बदलून झाल्यावर मी सायकलची गोष्ट सांगितली. सगळ्यांचे आजोबा मागून सीट धरतात आणि गुपचूप सोडून देतात. आमच्या आजोबांनी सीट सोडली, माझ्या शेजारून पळत पुढे गेले, आणि वळून उलटे पळत म्हणाले, “मी तर इथे आहे. मग तुला कोणी धरलंय?” मी मागे बघितलं, हँडल सुटलं आणि सरळ फळांच्या गाडीत शिरले. फळवाल्याला आजोबा म्हणाले, “चूक माझी आहे, पण वेग तिचा आहे. तेवढं बघा तरी.” संत्री वेचताना तो फळवालाही हसत होता.

हे सांगताना मलाच हसू आलं. आजोबांनी डोळे माझ्याकडे वळवले. तोच डोळा. मी पुढचं सांगू शकले नाही.

आत्या दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “मला तर पाण्यात ढकलून दिलं होतं आणि स्वतः काठावर आडवे झाले होते. ओंडका. मी बुडायची थांबले ती रागाने.” आणि एकदम आत निघून गेली. किती दिवसांनी आपणहून बोलली होती. मी तिच्या मागे गेले नाही. गेले असते तर सगळं बोलावं लागलं असतं.

बुधवार, ५ मार्च

आत्या तलावावर सकाळची बायकांची बॅच घेते, पावणेसातची. बरोबर सहा वीसला ती घर सोडते. मी अलार्म लावत नाही, तिच्या दाराचा आवाज पुरतो. महिना झाला, ती गेलेली नाही. तिचा पोहण्याचा पोशाख अजून गॅलरीच्या दोरीवर लटकतोय. आत नेऊन ठेवू का विचारलं, तर “राहू दे” म्हणाली.

आज तिच्या बॅचमधल्या तिघी भेटायला आल्या होत्या. आजोबांना बघून घटकाभर बसल्या. त्यातली एक बोलघेवडी बाई म्हणाली, “बघा ना, कसं असतं. त्या दिवशी सकाळी ताई किती खुशीत होत्या. पाण्यात एकट्याच हसत होत्या. आम्ही म्हटलं, आज काय विशेष? तर म्हणाल्या, घरी गेल्यावर कळेल कोण जिंकतं ते.” आत्या चहाचे कप उचलून आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. कप तीनच होते.

काही लोकांना कुठे काय बोलावं याचा पोच नसतो. बिचारीला नेमका तो दिवस आठवून द्यायला हवा होता का? घरी आजोबा पडलेत आणि आपण पोहत होतो, याचंच तिला वाईट वाटत असणार. त्यात तिची काय चूक? घरात तर मी होते.

ती मला तोंडावर काही बोलत नाही, हा तिचा चांगुलपणा आहे. मला तो आता सोसवत नाही. रविवारी सांगणार.

रविवार, ९ मार्च

सांगितलं.

दुपारी आजोबांना झोप लागल्यावर आत्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी समोर बसले. म्हटलं, “आत्या, मी हॉस्पिटलात वेळ खोटी सांगितली. आजोबा मला सातलाच दिसले होते. मला वाटलं ओंडका. चाळीस मिनिटं मी त्यांना ओलांडत होते.” पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. पुढचं पाठ केलेलं नव्हतं, ते आपोआप आलं. “तुला माहीतच आहे. तू मला हवं ते बोल, पण बोल.”

ती सोलतच राहिली. तो बटाटा सोलून संपला होता, तरी सोलत होती.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“मग माझ्याशी बोलत का नव्हतीस?”

तिने सुरी खाली ठेवली. “तू सातला ओलांडलंस. मी सहा वीसला.”

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली, मान खाली घालून, हळू. पोशाख घ्यायला ती गॅलरीत गेली होती. आजोबा तिथेच, तसेच. तिला वाटलं, किती दिवसांनी. ती ओलांडून गेली, पोशाख काढला, परत ओलांडलं. जाताना त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली होती, “बाबा, मी आठला येईन. तोवर टिका.”

“टिका म्हणाले मी त्यांना,” आत्या म्हणाली. “आणि पाण्यात हसत होते. म्हटलं, पोरगी उठेल, तिला सापडतील, ती हरेल. परत येईन तेव्हा दोघं चहा पीत बसलेले असतील.”

मग म्हणाली, “तू एकटीने शेजाऱ्यांना गोळा करून त्यांना खाली नेलंस, गाडीत घातलंस. सगळे तुझं कौतुक करत होते आणि तू मान खाली घालून उभी राहायचीस. मला वाटायचं, तुला समजलंय. पोशाख दोरीवर नव्हता हे तू बघितलं असशील, मी तिथून गेले होते हे तुला कळलं असेल, आणि तू मला वाचवायला गप्प आहेस.”

मी काही बघितलं नव्हतं. मी स्वतःच्या चाळीस मिनिटांतून वर डोकंच काढलं नव्हतं. उठून तिच्याजवळ गेले. आम्ही दोघी रडलो, पण त्याने मोकळं वाटलं असं म्हणवत नाही. आधी चाळीस मिनिटं होती. आता एक तास वीस मिनिटं झाली, आणि त्याआधीची किती, ते सांगू शकणारा माणूस एकच आहे.

बुधवार, १२ मार्च

तपासणीची तारीख होती. आम्ही दोघींनी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. आत्याने तिचं, मी माझं. खेळ समजावून सांगायलाच पाच मिनिटं गेली. सांगताना तो किती वेडगळ वाटत होता. म्हातारा माणूस जमिनीवर पडतो आणि घरचे त्याला ओलांडून जातात. बाईंनी दोनदा विचारलं, “हात लावायचा नाही, असा नियम?” आम्ही दोघींनी होकाराची मान हलवली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “गाठ विरघळवायचं इंजेक्शन देण्याच्या मुदतीत तुम्ही पोचला होतात, असं आता धरून चालायचं. पण वेळ ही वेळ असते. पुन्हा कधी कोणाच्या बाबतीत खोटं सांगू नका.”

“लवकर आणलं असतं तर?” आत्याने विचारलं.

“कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित हात वाचला असता. कदाचित बोलले असते. मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही.”

परत येताना बसमध्ये आत्या म्हणाली, “तीन कदाचित दिले त्यांनी.” मी म्हटलं, “हो.” दोन थांबे गेले. मग ती म्हणाली, “बाबांना सांगायला हवं. त्यांना सगळं दिसत होतं गं. त्यांना वाटत असेल, आपण ओळखलंच नाही. किंवा वाटत असेल, ओळखून गेलो.”

ही दुसरी शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आता जात नाही.

रविवार, १६ मार्च

आज सांगितलं.

सकाळी त्यांचं अंग पुसून झालं, दाढी झाली. आत्याने त्यांना उशांना टेकवून बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं. ती उजव्या बाजूला बसू लागली, मग आठवलं की त्या बाजूचं त्यांना नीट दिसत नाही, म्हणून आम्ही दोघी डावीकडे एकाच स्टुलावर दाटीवाटीने बसलो. हसण्यासारखंच दृश्य होतं, पन्नाशीची बाई आणि मी, दोघी शिक्षा झालेल्या मुलींसारख्या.

आत्या म्हणाली, “बाबा, त्या दिवशी तुम्ही पडला होतात, आम्हाला वाटलं ओंडका केलाय. मी तुम्हाला ओलांडून गेले. टिका म्हणाले. मला कळलं नाही बाबा. कळलं असतं तर मी पोहायला गेले असते का?”

मी म्हटलं, “मीही आजोबा. दोनदा. गाणं म्हणत.”

ते आमच्याकडे बघत राहिले. आधी आत्याकडे, मग माझ्याकडे. आणि मग त्यांचा डावा गाल हलला. तोंडाचा जो कोपरा शाबूत आहे तो वर गेला, घशातून घरघर आली, खांदा हलायला लागला. ते हसत होते. मोठ्याने, थांबता थांबेना असं. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. सव्वा महिन्यात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला मोठा आवाज.

आत्याने त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. “बाबा, बाबा,” एवढंच म्हणत राहिली. डावा हात तिच्या केसांवर आला, निदान मला तसं दिसलं. मी दोघांना तिथेच सोडून गॅलरीत गेले आणि लहान मुलीसारखी रडले.

संध्याकाळी आत्याने दोरीवरचा पोशाख काढला, धुतला, पुन्हा वाळत घातला. म्हणाली, “मंगळवारपासून जाईन म्हणते.” रात्री पप्पांना फोनवर सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा होता. “अरे, त्यांनी हसण्यावारी नेलं. शोभतं की नाही त्यांना?”

बुधवार, १९ मार्च

फिजिओ आज सकाळी साडेसातला आले. आत्या तलावावर होती. हात झाला, पाय झाला. मी उत्साहाने रविवारचं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की आम्ही त्यांच्याशी मनातलं बोललो आणि ते खळखळून हसले.

फिजिओंनी पाय खाली ठेवला. “किती वेळ हसले?”

“चार-पाच मिनिटं तरी.”

“थांबवता येत नव्हतं?”

“नाही.”

त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. मेंदूला असा मार बसला की काही जणांचं हसू-रडू हातात राहत नाही. मनात काही नसताना येतं. परवा मी यांना आज कोणता वार विचारलं, तेव्हाही असेच हसले होते. त्यातून अर्थ काढू नका. खरं हसले असतील, नसतीलही. आपल्याला कळायला मार्ग नाही.”

मी “बरं” म्हटलं. त्यांना चहा दिला. त्यांचे बूट करकरत जिना उतरून गेले.

आठ वाजता आत्या आली. केस ओले, चेहरा तुकतुकीत, महिनाभरात प्रथमच भूक लागल्यासारखी पावाला लोणी लावत म्हणाली, “फिजिओ काय म्हणाले?”

“पाय सुधारतोय म्हणाले.”

ती पाव हातात घेऊनच आजोबांकडे गेली. त्यांच्या डाव्या बाजूला बसून सांगायला लागली. बायका कशा ओरडल्या, ती किती फेऱ्या पोहली, बाराव्या फेरीला कसा दम लागला. आजोबा तिच्याकडे बघत होते. तिने बारा म्हटलं आणि त्यांचा गाल हलला, घरघर आली, खांदा हलायला लागला. आत्याही हसायला लागली. पाव खाटेवर पडला. मी दारात उभी होते.

“बघितलंस?” आत्याने विचारलं.

मी म्हटलं, “बघितलं.”